चौथऱ्यावरचा लेखक मुलांना दिसत नाही

मुलांसाठी लिहिणाऱ्या माणसाचा पुतळा उभारू नये, या मताला मी आले आहे. अगदीच उभारायचा झाला तर चौथरा नको. स्टाफरूममध्ये हे बोलले तेव्हा एका ज्येष्ठ बाईंनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "मग काय साने गुरुजींना जमिनीवर ठेवायचं?" हो, जमिनीवरच. का ते सांगते. पोस्ट लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

साहित्यिकाची आठवण म्हटली की आपल्याकडे काय होतं ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे. पुरुषभर उंचीचा चौथरा, त्यावर छातीपर्यंतचा पुतळा, भोवती लोखंडी कुंपण आणि कुंपणाला कुलूप. जयंतीला किल्ली शोधतात, शिडी लावतात, कोणीतरी मोठं माणूस वर चढून हार घालतं. खाली शाळेची मुलं गणवेशात उन्हात उभी. त्यांच्या डोळ्यांसमोर येते ती फक्त चौथऱ्याची फरशी, आणि तिच्यावर अनावरण कोणाच्या शुभहस्ते झालं, प्रमुख उपस्थिती कोणाची, अध्यक्ष कोण, ही यादी. मी अनेक वर्षं फोंड्याकडच्या एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवते आहे, अशा रांगा मीच लावलेल्या आहेत. एकदा तिसरीतल्या एका मुलीने परत येताना मला विचारलं होतं, "टीचर, पुस्तक त्यांतल्या कोणी बरयलां (लिहिलंय)?" तिने फरशीवरची सगळी नावं वाचली होती. चूक तिची नव्हती.

यंदा मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही नणंदेकडे स्विंडनला गेलो होतो. (स्विंडन कुठे आहे हे गोंयकाराला सांगावं लागत नाही. पोर्तुगीज पासपोर्ट केलेला एकतरी नातेवाईक तिथे असतोच.) भाची तिथेच लहानाची मोठी झालेली. माझा मुलगा पाचवीत, पुस्तकांचा अधाशी. एका सकाळी भाची म्हणाली, "मामी, आज याला रोआल्ड डालकडे नेऊया." जसं काही म्हातारा घरी वाट बघत बसलाय.

रोआल्ड डाल २३ नोव्हेंबर १९९० ला गेले. लंडनच्या वायव्येला बकिंगहॅमशरमध्ये ग्रेट मिसेंडेन नावाचं खेडं आहे, तिथे ते छत्तीस वर्षं राहिले आणि तिथल्याच चर्चच्या आवारात त्यांना पुरलं. जन्म वेल्समधल्या कार्डिफचा, १९१६ चा, आईबाप नॉर्वेचे. राक्षस, चेटकिणी, चॉकलेटचा कारखाना, दुष्ट हेडमास्तरीण, हे सगळं त्यांचं. त्यांच्या गोष्टींत मोठी माणसं बहुतेक वेळा वाईट असतात आणि शेवटी त्यांची चांगली जिरते. मुलांना ते का आवडतात याचं आणखी स्पष्टीकरण मला तरी लागत नाही.

गाव लहान. एक मुख्य रस्ता, त्यावर दुकानं, जुने लाल पेट्रोलपंप. चर्च गावापासून थोडं वर, टेकडीवर. सगळीकडे गवत, आणि एका झाडाखाली बाक, त्यावर डाल यांच्या घरातल्या मुलांची नावं. त्या बाकापासून कबरीकडे पावलं उमटवलेली आहेत, प्रचंड मोठी, त्यांच्या गोष्टीतल्या सज्जन राक्षसाची. मुलं त्यांत आपले पाय ठेवून बघतात आणि उड्या मारत पुढच्या पावलात जातात. माझ्या मुलानेही तेच केलं. नकाशा, पाटी, मार्गदर्शक, काही लागलं नाही. पावलं संपली तिथे कबर. साधी शिळा, नाव आणि तारखा. तीवर कोणी ठेवलेली खेळणी, नाणी, पेन्सिली, पावसाने भिजलेली चिठ्ठी.

आमच्या मुलाने खिशातून खाजं काढलं. नणंदेसाठी जत्रेतलं म्हणून आणलेलं, गुळाचं, आल्याच्या वासाचं. त्यातलं एक कांडं शिळेवर ठेवलं. भाची हसली, "अरे, इथे लोक चॉकलेट ठेवतात." तो म्हणाला, "चॉकलेट सगळेच देतात, त्याला कंटाळा आला असेल." मला तिथे कळलं की याला लेखक भेटला. वाकला होता, हात टेकला होता, स्वतःच्या खिशातली वस्तू दिली होती आणि वर लेखकाच्या आवडीनिवडीची काळजीही केली होती. आमच्या जयंत्यांना असं काही करायला मुलाला जागाच नसते. हार शाळेने आणलेला, घालणारे दुसरे, मुलाकडे काम एकच, टाळ्या.

डाल यांच्याबरोबर कबरीत काय काय ठेवलंय म्हणे, तर स्नूकरच्या काठ्या, बर्गंडी वाइन, चॉकलेट, एचबी पेन्सिली आणि विजेवर चालणारी करवत. करवत कशाला, हे मुलाने मला विचारलं. मी म्हटलं, तुझे आजोबा असते तर कोयती मागितली असती.

खाली गावात त्यांचं संग्रहालय आहे. तिकिटाचे रुपये करून बघू नका, आमच्या ह्यांनी केले आणि पूर्ण दुपार त्यांचा चेहरा उतरलेला होता. पण आत डाल यांची लिहायची झोपडी आहे. घरामागच्या बागेतल्या झोपडीतलं सगळं सामान जसंच्या तसं आणून इथे मांडलंय. जुनी आरामखुर्ची, मांडीवर ठेवायची लाकडी फळी, रोज टोक करून ठेवायच्या पिवळ्या पेन्सिली. शेजारच्या टेबलावर चॉकलेटच्या चांदीच्या कागदांचा दाबून दाबून केलेला जड गोळा, आणि डाल यांच्या स्वतःच्या खुब्याचं हाड, शस्त्रक्रियेत काढलेलं, आठवण म्हणून ठेवलेलं! पोरं काचेला नाक लावून बघत होती. आपल्याकडे लेखकाच्या वस्तू म्हणजे धोतर, चष्मा, मिळालेली मानपत्रं. हाड ठेवायची हिंमत कोणात आहे?

आणि एक गोष्ट, जी मी मुलाला लगेच सांगितली नाही. डाल यांची थोरली मुलगी ऑलिव्हिया १९६२ साली सात वर्षांची असताना गोवराने गेली. गोवर मेंदूत उतरला. तेव्हा तिथे गोवराची लस आलेली नव्हती. तिची कबर जवळच्याच लिटल मिसेंडेन गावात आहे. पुढे लस आली तरी लोक टाळायला लागले, तेव्हा ऐंशीच्या दशकात त्यांनी आईबापांना उद्देशून पत्र लिहिलं, की माझी मुलगी अशी गेली, तुमच्या मुलांना लस टोचून घ्या. आणि त्या सज्जन राक्षसाचं पुस्तक, १९८२ चं, ते त्यांनी तिलाच अर्पण केलंय, तिच्या जन्माच्या आणि मृत्यूच्या तारखांसकट. ज्या पावलांवरून पोरं उड्या मारत येतात ती त्या पुस्तकातली. पुढे परतीच्या वाटेवर गाडीत मुलाला सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "मला टोचलीय?" टोचलीय रे बाबा, दोन्ही डोस, फोंड्याच्या आरोग्यकेंद्रात, दोन्ही वेळा तू नर्सला लाथ मारली होतीस.

आता दुसरी बाजू. डाल सज्जन राक्षस नव्हते. १९८३ मध्ये एका मुलाखतीत ते ज्यू लोकांबद्दल अत्यंत घाण बोलले होते, त्याआधीही आणि नंतरही बोललेले आहेत. त्यांच्या कुटुंबाने २०२० मध्ये माफी मागितली, आणि २०२३ मध्ये त्याच संग्रहालयाने जाहीरपणे लिहिलं की त्यांचा वंशद्वेष नाकारता येत नाही आणि पुसताही येत नाही. आमच्या ह्यांचं म्हणणं, "मग कशाला खाजं ठेवायचं अशा माणसाला?" प्रश्न चुकीचा नाही. पण मला त्या संग्रहालयाचं कौतुक वाटतं. ज्याच्या नावावर तिकीट लावलंय त्याच्याबद्दल हे त्यांनी स्वतः लिहिलं. आपल्याकडे कोणा साहित्यिकाच्या स्मारकात असं एक वाक्य लिहून बघा, संध्याकाळपर्यंत काचा राहणार नाहीत. मुलगा मोठा झाला की त्याला हेही वाचायला लावीन. मग खाजं ठेवायचं की नाही, ते त्याने ठरवावं.

हे सगळं मी इथे आल्यावर सांगितलं की दर वेळी एकच उत्तर येतं. "अगं, ते पुरतात. आपल्यात जाळतात. आपल्याकडे कबरी कुठून येणार?" खरंय, आमच्या घरच्या अस्थी हरवळ्याला जातात, रुद्रेश्वराच्या देवळाजवळ, आणि पाण्याबरोबर संपतात. पण हे उत्तर मला आळशीपणाचं वाटतं.

पहिली गोष्ट, पुरलं म्हणजे कायमची जागा मिळाली असं थोडंच आहे? आमच्या शेजारच्या आंटीच्या आईला सिमितेरीत, म्हणजे ख्रिस्ती दफनभूमीत, पुरलं होतं. गोव्यात घराण्याची कायमची कबर असणारे थोडे. बाकीच्यांची कबर काही वर्षांनी उघडतात, हाडं काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात, आणि त्याच जागी दुसऱ्याला पुरतात. २ नोव्हेंबरला आंटी जाते ती कोनाड्यापाशी. आदल्या दिवशी नातवाला घेऊन झाडलोट, चुना, मग फुलं, मेणबत्त्या. नातू आजीच्या आईला कधी बघितलेला नाही, पण मेणबत्ती कुठल्या कोनाड्यापाशी लावायची हे त्याला बिनचूक माहीत आहे. त्याला ते वर्गात कोणी शिकवलेलं नाही. दर वर्षी हात धरून नेलं, एवढंच.

दुसरी गोष्ट, इंग्लंडातही सगळ्यांच्या कबरी नाहीत. एनिड ब्लायटन, जिच्या पुस्तकांवर आमच्या पिढीतली इंग्रजी शाळेतली अर्धी मैत्रमंडळी वाढली, तिचं दहन झालं. सशांच्या गोष्टी लिहिणाऱ्या बिॲट्रिक्स पॉटर १९४३ मध्ये गेल्या. त्यांची राख त्यांच्या मेंढपाळाने डोंगरात विखुरली आणि ती जागा गुपितच राहिली. पण बाईंनी आपली चार हजार एकर जमीन, शेतं आणि घर तिथल्या राष्ट्रीय न्यासाला देऊन टाकलं. मुलं आज त्या घरात जातात, चित्रातला जिना प्रत्यक्ष चढतात. म्हणजे जाळलं तरी दार उघडं ठेवता येतं. प्रश्न इच्छेचा आहे, आणि किल्ली कोणाकडे असते त्याचा.

तिसरी गोष्ट, मराठी माणसाने हे म्हणूच नये. मराठीतला सगळ्यात थोर लेखक १२९६ साली, एकविशीत, आळंदीला समाधीत बसला. दर वर्षी लाखो माणसं तिथे चालत जातात. जगात कुठल्या लेखकाच्या समाधीला एवढी माणसं जात असतील, सांगा बरं. आणि नामदेवांचं काय? पंढरपूरच्या देवळाची पहिली पायरी. भक्तांच्या पायांची धूळ लागावी म्हणून त्यांनी ती जागा मागून घेतली. लोक आता तिच्यावर पाय देत नाहीत, वाकून डोकं टेकतात. आषाढीच्या गर्दीत आईच्या कडेवरून उतरलेलं पोर गाभाऱ्यापर्यंत पोचेल न पोचेल, पायरीपर्यंत त्याचा हात सहज पोचतो. कवीने स्वतःच्या स्मारकाची उंची स्वतः ठरवली, आणि ती शून्य ठेवली. हे आपल्याकडे सातशे वर्षांपूर्वी झालेलं आहे, आणि आपण अजून चौथऱ्याचं टेंडर काढतोय.

त्याच पंढरपूरच्या देवळाची दारं हरिजनांना उघडावीत म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी उपोषणाला बसले. दारं उघडली. माझ्या वर्गातल्या मुलांना गुरुजी ठाऊक आहेत ते आईची गोष्ट सांगताना रडणारे. नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये 'श्यामची आई' लिहिलं, हे परीक्षेत विचारतात. पण हाच माणूस देवळाच्या दारात अन्न सोडून बसला होता, हे मुलांना सांगितलं की ती सरसावून बसतात. "मग पुढे?" विचारतात. रडणाऱ्या गुरुजींबद्दल कोणी "मग पुढे" विचारत नाही.

आणि ११ जून १९५०. गुरुजींनी स्वतःचं आयुष्य स्वतः संपवलं. आम्ही शिक्षक "निधन झाले" एवढं म्हणून पुढच्या परिच्छेदावर जातो. चौथीच्या मुलांना ते सांगावं असं माझंही म्हणणं नाही. पण आठवी-नववीतली मुलं फोनवर वाचतात आणि मग विचारायला येतात, तेव्हा आमची तोंडं शिवलेली असतात. ज्या मुलांना तो माणूस आपला वाटतो त्यांना त्याच्या दुःखाबद्दल विचारायची मुभा असायला हवी, आणि त्यावर बसून बोलणारा एक मोठा माणूस जवळ असायला हवा. रस्त्याच्या मधोमध, गाड्यांच्या गर्दीत, कुलूपबंद कुंपणात उभ्या असलेल्या पुतळ्यापाशी असलं काही बोलणं होऊ शकेल का?

गुरुजींचं पालगडचं जन्मघर स्मारक म्हणून जपलेलं आहे, दापोली तालुक्यात. रायगडात माणगावजवळ वडघरला त्यांचं राष्ट्रीय स्मारक आहे, तिथे मुलांची शिबिरं होतात. ही मला पटणारी स्मारकं. घरात शिरता येतं, उंबऱ्यावर बसता येतं, "ह्याच घरात?" असं विचारता येतं.

मग गोव्याचं काय, हा प्रश्न येतोच. सत्तरीतल्या आंबेड्याचे महादेवशास्त्री जोशी. १९०६ चा जन्म. भारतीय संस्कृतिकोशाचे दहा खंड सगळ्यांना ठाऊक, निदान कपाटात मागच्या बाजूला तरी. पण त्याच माणसाने मुलांसाठी वेगळा संस्कृतिकोश केला. मोठ्यांसाठी एवढं डोंगराएवढं काम केल्यावर, आता हेच मुलांच्या भाषेत सांगू, असं किती विद्वानांना वाटतं? त्यांच्या पत्नी सुधाताई १९५५ मध्ये म्हापशाच्या सत्याग्रहात अध्यक्षपदावरून उभ्या राहिल्या आणि पोर्तुगीजांनी त्यांना पकडलं. एवढी गोष्ट आमच्या वाळपईच्या वाटेवर पडलेली आहे. आमच्या शाळेची सहल मात्र वॉटरपार्कला जाते. पोरांना वॉटरपार्क आवडतं, मलाही आवडतं, भांडण नाही. पण परतीच्या वाटेवर आंबेड्याला बस थांबवून झाडाखाली त्या कोशातली चार पानं वाचायला अर्ध्या तासाहून जास्त लागणार नाही.

मला विचाराल तर तिथे काही बांधूही नये. एक सपाट दगड, मुलाच्या गुडघ्याएवढा, नाव कोरलेलं, आणि मुलांनी काही ठेवलं तर ते झाडूवाल्याने लगेच उचलू नये अशी सूचना. फीत कापायला कोणाला बोलवायचं नाही. (मला ठाऊक आहे, याच अटीवर सगळं अडणार.)

कोकणी की मराठी, हा वाद कृपा करून खाली कमेंटमध्ये आणू नका. माझी मुलगी समजा कोकणीत लिहायला लागली तरी तिच्या दगडावर खाजंच ठेवतील.

तर आता कामाचं. नाताळच्या सुट्टीत आम्ही पालगडला जाणार आहोत. २४ डिसेंबर गुरुजींचा जन्मदिवस, त्याच दिवशी जायचं असं माझ्या डोक्यात होतं, पण आंटीचा नातूही येतोय आणि त्या रात्री त्याला मध्यरात्रीच्या मिस्साला उभं राहायचंय, गायकवृंदात आहे. त्यामुळे नाताळ झाल्यावर निघू. मडगावहून मांडवी एक्सप्रेस, खेडला उतरायचं, पुढे गाडी करू. मांडवीतलं खाणं सोडू नका, घरून डबे आणू नका. प्रत्येक मुलाने एक वस्तू आणायची, विकतची नको. फोंडा, साखळी, डिचोलीकडून कोणाला मुलांना पाठवायचं असेल तर मला इनबॉक्समध्ये लिहा, सुट्टीतली तिकिटं लवकर संपतात. मोठ्यांनी यायला हरकत नाही, पण भाषण करायचं नाही.